४० जीबीचं बिऱ्हाड

२००२ साली लॅमिंग्टन रोडवरून पार्ट जुळवून घेतलेल्या माझ्या कॉम्प्युटरमधलं आज काहीही शिल्लक नाही. मॉनिटर गेला, कॅबिनेट भंगारात गेलं. राहिली ती ४० जीबीची हार्ड डिस्क आणि तिच्यावरची विंडोज एक्सपी. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात मी हे बिऱ्हाड हलवत आले आहे.

घरून डीटीपी करायचे. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. पेजमेकर आणि जोडीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी. पहिल्यांदा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून मशीन बंद पडलं, तेव्हा नव्या बोर्डाला तीच डिस्क जोडली. रिबन केबलची लाल कड बरोबर बाजूला आली, जम्पर मास्टरवर होता, तरी विंडोजचं चिन्ह दिसून लगेच निळा पडदा आला. एक्सपी बसवताना ती त्या बोर्डाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नोंदवून ठेवते. सुरुवातीचा भाग बायोसच्या मदतीने वाचला जातो. पुढे स्वतः डिस्क वाचायची वेळ आली की अनोळखी कंट्रोलरपुढे ती अडते. डिस्क धडधाकट असते, तिच्यापर्यंत जायचा रस्ता तेवढा सापडत नाही.

'मॅडम, फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज टाकतो. डेटा डी ड्राइव्हला सेफ आहे,' दुरुस्तीवाला म्हणाला. मी नाही म्हटलं. सीडीवरून रिपेअर इन्स्टॉल करायला लावलं, मग फोनवर लांबलचक आकडा वाचून अ‍ॅक्टिव्हेशन करून घेतलं.

माझा हट्ट फॉन्टसाठी होता. त्या काळच्या फॉन्टांमध्ये 'क' हा कॉम्प्युटरच्या लेखी 'क' नसायचाच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी वळणं बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट नसेल तर अख्खी कादंबरी म्हणजे कंसांचा, आकड्यांचा आणि परक्या अक्षरांचा ढीग. म्हणजे डी ड्राइव्हवर फाइल सुखरूप आणि वाचता मात्र येत नाही. मजकूर सी ड्राइव्हवरच्या त्या सगळ्या मांडणीसकटच मराठी होता. देवनागरीला स्वतःच्या जागा देणारं युनिकोड १९९१पासून होतं, पण आमच्या छपाईच्या कामात ते फार उशिरा पोचलं.

पुढे सगळीकडे साटा आलं. नव्या बोर्डांवर रिबन केबलची खाचच उरली नाही. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट थांबवला. तेव्हा मी अ‍ॅडाप्टर लावून डिस्कची जशीच्या तशी इमेज काढली. मधूनच डिस्क टिक्‌टिक्‌ करून थांबायची, परत फिरू लागायची; त्या रात्री मी खोलीतून हलले नाही. इमेज व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालू झाली. श्रीलिपी चालायला कॉम्प्युटरला जोडावं लागणारं लॉक मध्यंतरी यूएसबीचं करून घेतलं होतं, म्हणून तेही उघडलं. आज नव्या लॅपटॉपवर एका चौकटीत तीच एक्सपी उघडते. तिला इंटरनेट दिलेलं नाही.

कोकणातल्या एका शिक्षकांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. त्यांचं पुस्तक मी जुळवलं होतं. ते गेले. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांच्या मुलाकडे छापील प्रतीखेरीज काही नव्हतं. माझ्याकडे फाइल होती. कन्व्हर्टरमधून काढल्यावर मजकूर आला, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उलटा. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर चुकायचा, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. छापील प्रत शेजारी ठेवून ओवी-ओवी वाचून काढली. 'माझ्या गं'मधला 'गं' अनुस्वारासकट जागेवर आला की पुढे. हे काम यंत्रावर सोपवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मराठीतले कितीतरी अंक, प्रबंध, गावांचे इतिहास अजून अशाच फॉन्टांत कुणाकुणाच्या माळ्यावर पडून आहेत. तुमच्याकडे जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याची डिस्क काढून ठेवा. तो चालू होत असेल तर आहे त्याच विंडोजवर फाइली उघडा, पीडीएफ काढा, युनिकोडमध्ये आणा आणि मुद्रितं तपासा. फॉरमॅट मात्र मारू देऊ नका.