सोबतीचा वेग

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात सहा वाजले तरी सकाळ झालेली नसते. पारा दहा अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो. वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र 21-22 डिसेंबरला सरते, तरी त्यानंतरही कितीतरी दिवस सूर्योदय आणखी लांबत जातो. सगळ्यांत उशिराचा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आगेमागे. दिवस तिळातिळाने वाढतो हे खरंच, पण या दिवसांत तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. पहाट आपला काळोख सहजी सोडत नाही. नाताळच्या सुट्टीतल्या शनिवार-रविवारी आमचा धावण्याचा गट रस्त्यावर येतो तो याच काळोखात. आमचं वर्षातलं सगळ्यांत चांगलं धावणं याच दिवसांत होतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रभात रस्त्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी पावणेसहाला जमायचं. कानटोप्या, मफलर, आणि थोडं अंतर गेल्यावर कमरेला बांधायचेच असे जुने स्वेटर. शेजारच्या बांधकामावरचा राखणदार शेकोटी पेटवून बसलेला असतो. तो थोडं सरकून जागा करून देतो. दोन्ही हात जाळावर धरायचे, मग घोटे फिरवायचे, पोटऱ्या ताणायच्या. गल्लीतली कुत्री एकट्यादुकट्या धावणाऱ्यावर धावून जातात; घोळका दिसला की मान वर करून बघतात आणि पुन्हा वेटोळं करून झोपतात. बायकांना तर या घोळक्याचं मोल फार आहे. अंधारात एकटीने धावायचं म्हणजे कान सतत मागे लावून ठेवायचे. एखादी गाडी उगाच मंदावली तरी छातीत धस्स होतं. गटात आल्यापासून पहाटेचे हे रस्ते मला माझे वाटतात. कितीतरी जणी आधी सोबतीसाठी आल्या आणि मग धावण्याच्या ओढीने टिकल्या.

सुट्टी लागली की हा गट दुप्पट होतो. वसतिगृहातून मुलं घरी आलेली असतात. कुणाकडे अमेरिकेतून लेक-जावई आलेले असतात. त्यांची रात्र आणि दिवस अजून तिकडचेच, पहाटे तीनलाच टक्क जाग येते, मग अंथरुणात कूस बदलत राहण्यापेक्षा ती दोघं बूट चढवून सगळ्यांच्या आधी कोपऱ्यावर हजर. नाशिकहून आलेली मामेबहीण, कोल्हापूरचा आतेभाऊ, शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर उठलेली पोरं. पोरं पहिल्याच वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे सुसाट जातात आणि मग कुठल्यातरी कठड्यावर बसून आमची वाट बघतात. ज्यांना धावायचं नाही ते काका-काकू झपझप चालतात आणि ठरलेल्या जागी भेटतात. "काकू, स्वेटर काढू नका हं, टेकडीवर वारं आहे," असं कुणीतरी बजावतं आणि घोळका हलतो.

थंडीत धावणं सुखाचं का होतं, याला कारण आहे. उन्हाळ्यात शरीर गार ठेवण्यासाठी हृदयाला बरंचसं रक्त त्वचेकडे पाठवावं लागतं. थंडीत ते काम कमी होतं आणि तेच रक्त पायांच्या कामी येतं. मे महिन्यात जीव काढणारं अंतर डिसेंबरात हलकं वाटतं ते म्हणून. थंडीची पथ्यंही असतात. स्नायू आखडलेले असतात, म्हणून सुरुवातीचा पल्ला अगदी सावकाश. घाम लगेच सुकतो, तहान जाणवत नाही, म्हणून आठवणीने पाण्याचे घोट. आणि लांब पल्ल्याच्या धावेचा सगळ्यांत मोठा नियम: शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागलं, की समजायचं वेग जास्त झाला. या बेताच्या वेगात स्नायूंना प्राणवायू पुरतो, शरीर चरबीवर चालायला शिकतं, आणि आठवड्यांमागून आठवडे हे होत राहिलं की पायांतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. दम टिकतो तो असा सावकाश.

हा नियम शरीरासाठी केलेला, पण त्यातून आम्हाला जे मिळालं ते शरीरापुरतं उरलं नाही. बोलता येईल अशा वेगाने माणसं तास-दीड तास शेजारी शेजारी चालली-धावली, की ती बोलतातच. समोरासमोर बसून बोलताना एकमेकांचे चेहरे वाचले जातात, आणि जिभेवर आलेलं परत फिरतं. इथे नजर पुढच्या रस्त्यावर, चेहरे अंधारात, दोन श्वासांत मावेल तेवढंच वाक्य. मधली शांतता कुणाला टोचत नाही, कारण पावलांचा आवाज चालूच असतो. आमच्या शेजारच्या इमारतीतले एक काका, बायको गेल्यानंतर महिनोन् महिने कुणाशी धड बोलले नव्हते. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, बस. अशाच एका डिसेंबरात त्यांचा मुलगा सुट्टीवर आला आणि त्यांना हाताला धरून घेऊन आला. टेकडीच्या चढावर, कुणी काही विचारलेलं नसताना, ते म्हणाले, "ती या वेळेला उठून चहा टाकायची." एवढंच. आमच्यातली एक काकू त्यांच्या बरोबरीने चालत होती. ती म्हणाली, "आलं घालून ना? मला ठाऊक आहे, मी प्यायलेय." पुढच्या शनिवारी काका आपणहून आले.

शनिवारचा मार्ग सपाटीचा असतो. भांडारकर रस्ता, विधी महाविद्यालय रस्ता, आणि पुन्हा डेक्कन. सावकाश धावताना या भागाचा इतिहास पायांखालून जात राहतो. ज्या प्रभात फिल्म कंपनीच्या नावाने आमचा रस्ता ओळखला जातो, तिने 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात येऊन जिथे स्टुडिओ थाटला, तिथे 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भांडारकर संस्थेच्या दगडी इमारतीवरून जाताना आमच्यातले एक निवृत्त शिक्षक मुलांना हमखास सांगतात, की महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम इथे 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. सुरुवात करणाऱ्यांनी शेवट पाहिला नाही. पुढच्यांनी तो तडीस नेला.

आणि ते काम सुरू झालं त्याच सुमारास, इथून हाकेच्या अंतरावर, भारतीय धावपटूंच्या ऑलिंपिकची गोष्ट सुरू झाली. सर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये त्यांनी शेतकरी घरांतली मुलं अनवाणी धावताना पाहिली. ना शास्त्रशुद्ध शिक्षण, ना पायांत बूट. पण त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. दोराबजींनी त्यांना अँटवर्पला पाठवायचं मनावर घेतलं. 1920 च्या त्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. 42.75 किलोमीटर, परक्या देशात, परक्या हवेत. हे ऐकल्यावर कठड्यावर बसलेली पोरं उठतात आणि पुन्हा धावू लागतात. मलाही त्या गोष्टीने दरवेळी बळ येतं. धावणं महागड्या बुटांचं नाही, ते माती, मोकळी जागा आणि कुणीतरी पारखून घेणारं माणूस यांचं आहे, हे आमच्याच पेठेपलीकडच्या मैदानाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

रविवार टेकडीचा. विधी महाविद्यालयाच्या मागून चढ सुरू होतो तेव्हा डोक्याला बांधलेल्या विजेऱ्यांचे ठिपके एकामागे एक वर सरकताना दिसतात. पायांखाली काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. माथ्यावर वेताळबाबाचं मंदिर. शहराच्या हद्दीतली ही उंच जागा, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या घरात. हिवाळ्यात इथलं गवत वाळून सोनेरी होतं, आणि कुसळं मोज्यांत शिरून घरापर्यंत येतात. जुन्या दगडखाणीतल्या पाण्याकाठी थोडं थांबायचं. मोराची केकावली ऐकू येते. उत्तरेकडून हिवाळ्यापुरता आलेला थिरथिरा दगडावर बसून शेपटी थरथरवत असतो. मुलांना हे पक्षी दाखवणाऱ्या काकू स्वतः फार धावत नाहीत, पण त्यांच्यामुळे आमचा वेग दर रविवारी योग्य जागी मंदावतो.

उजाडू लागलं की खाली शहर दिसतं ते करड्या थराखाली दडलेलं. रात्रीची थंड, जड हवा खोलगट भागात साठते, वरची हवा तिच्यापेक्षा उबदार असते, आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या पाचोळ्याचा धूर त्या झाकणाखाली अडकून पडतो. वर आम्ही स्वच्छ हवा छातीत भरून घेत असतो आणि खाली आमचीच घरं त्या धुरात असतात. या टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायच्या योजना पुढे आल्या तेव्हा शेकडो पुणेकर तिच्यासाठी रस्त्यावर उतरले, ते यासाठीच. टेकडी उरली तर हवा उरेल, पाणी मुरेल. आणि आमच्यासारख्यांना एकत्र येण्याची एक फुकट, सर्वांची जागा उरेल.

नाताळ शनिवार-रविवारला लागून आला, की आम्ही एक दिवस टेकडी सोडून कॅम्पात जातो. लकडी पूल ओलांडला की लक्ष्मी रस्ता, एरवी पाय ठेवायला जागा नसलेला, आता मोकळा ढाकळा. मंडईच्या बाजूला टेम्पोंतून मटाराची पोती उतरत असतात, गाजरांचे आणि सोलाण्याच्या हिरव्या जुड्यांचे ढीग लागत असतात. 1886 सालच्या मंडईच्या मनोऱ्यावर धुकं टेकलेलं. पुढे कॅम्पात रात्रीच्या रोषणाईच्या माळा अजून लुकलुकत असतात, ठेवणीतले कपडे घातलेली कुटुंबं चर्चच्या दिशेने निघालेली असतात. 1825 सालचं सेंट मेरीज चर्च, मग ससूनांचं लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. एका धावेत शहराच्या किती घरांना वळसा घालून होतो. "हॅपी ख्रिसमस!" कुणीतरी फुटपाथवरून ओरडतं, आम्ही सगळे एका सुरात उत्तर देतो.

धाव संपली की अमृततुल्यवर आल्याचा चहा, पोहे, आणि कुणीतरी घरून आणलेले पेरू, मीठ-तिखट लावलेले. इथे मुंबई मॅरेथॉनच्या गोष्टी निघतात. 2004 साली सुरू झालेली आणि एरवी जानेवारीत होणारी ती शर्यत आमच्यातल्या काही जणांचं ध्येय असते. पेडर रोडचा चढ शेवटी शेवटी अंगावर येतो, म्हणून टेकडी नीट चढा, असं जुने नव्यांना सांगतात. साताऱ्याच्या माणदेशातून येऊन मुंबई गाजवणारी आणि 2016 च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर, बीडच्या आष्टी तालुक्यातून पुढे आलेला अविनाश साबळे, यांची नावं निघाली की मुलींचे आणि मुलांचे डोळे चमकतात. वेळ सुधारावी असं मलाही वाटतं. वेगाची हौस खोटी नव्हे. पण घड्याळात किती मिनिटं कमी झाली हे सुट्टी संपेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतं ते चढावर कोण कोणाजवळ काय बोललं.

जानेवारी लागला की मुलं वसतिगृहात परततात, लेकी-जावई विमानात बसतात, गट पुन्हा आटतो. तरी काहीतरी मागे राहतं. ज्या घरांच्या दारांवर आपण फक्त पाट्या वाचत होतो, त्या घरांत आता कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची मुलगी परीक्षेला बसली आहे, कुणाला रात्री झोप लागत नाही, हे आपल्याला माहीत असतं. आजारपणात डबा जातो, रात्री-अपरात्री फोन करायला संकोच वाटत नाही. शहरात शेजार असा घडवावा लागतो, आणि तो घडवण्याचा याहून स्वस्त, याहून निरोगी मार्ग मला तरी ठाऊक नाही.

म्हणून वाचकहो, एवढंच मागणं. येत्या सुट्टीतल्या एका रविवारी पहाटे उठा. धावता येत नसेल तर चाला. निघताना शेजारचं दार वाजवा आणि "येता का हो?" एवढं विचारा. वेग असा ठेवा, की त्यांना तुमच्याशी बोलता येईल.