फी, तू दारातून ऊठ

कॉलेजच्या फीस,

स. न. वि. वि.

तुझ्याबद्दल सगळे दुसऱ्यालाच लिहितात. पालक प्राचार्यांना, प्राचार्य समाजकल्याणला, संघटना मंत्र्यांना. तुला थेट कुणी लिहीत नाही, कारण तुझ्याकडून उत्तर म्हणून फार तर पावती येते. तरी लिहितो. पत्र सातारा-सांगलीकडून आहे आणि या मुलखाशी तुझा संबंध जुना आहे. तुझ्याशिवाय कॉलेज चालवून दाखवलं ते इथल्या माणसानं, आणि तुला मोकळं रान दिलं तेही इथल्याच माणसानं.

1947 च्या जूनमध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, आणि काढलं ते मोफत व निवासी म्हणूनच. पण अण्णांची सुरुवात कॉलेजपासून नव्हती, हे तुझे मित्र आणि शत्रू दोघेही विसरतात. ती जेवणापासून होती. 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली. त्याच्याही आधी सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करून पाहिली होती. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. गावोगाव मुठीमुठीनं धान्य गोळा व्हायचं, आणि पुरेनासं झालं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. म्हणजे कॉलेज मोफत करण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी हा माणूस भाकरीचा हिशेब मांडत बसला होता. खेड्यातलं पोर मागं राहतं ते तुझ्यामुळं कमी आणि ‘तिथं खायचं काय, राहायचं कुठं’ यामुळं जास्त, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण अजून ओळखलेलं नाही.

अण्णांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचं कौतुक करताना मात्र आपण सोयीनं डोळे मिटतो. मुलं शेतात राबत, खडी फोडत, बांधकामावर जात. तीही एका अर्थानं फीच होती, रोकडीऐवजी घामाची. अण्णांपुढं दुसरी वाट नव्हती. पण आज ज्या व्यासपीठांवरून ‘फुकटाची किंमत नसते, पोरांनी कष्ट करून शिकावं’ असं सांगितलं जातं, तिथं हा उपदेश गरिबाच्या पोरासाठी राखीव असतो. ज्याचा बाप रोख भरतो, त्याला कुणी ग्रंथालयात पुस्तकं लावायला किंवा बागेत पाणी धरायला पाठवत नाही. कष्टानं माणूस घडत असेल तर सगळ्यांनाच घडू द्या की!

अण्णांनंतर देवराष्ट्र्याचे यशवंतराव. मुख्यमंत्री असताना त्यांनी आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीमाफी दिली. त्या ईबीसी सवलतीचा फॉर्म भरून शिकलेली एक अख्खी पिढी आज पेन्शन घेते आहे, आणि त्यातले बरेचजण हल्लीच्या पोरांना सगळं फुकट हवं म्हणून नाकं मुरडतात. असो.

मग 1983 आणि सांगलीचे वसंतदादा. इंजिनिअरिंग-मेडिकलची कॉलेजं खासगी संस्थांनी सरकारी अनुदानाशिवाय काढावीत, खर्च विद्यार्थ्यांकडून घ्यावा, अशी परवानगी त्यांच्या सरकारनं दिली. दादांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. इथली पोरं तेव्हा हद्द ओलांडून कर्नाटकात देणग्या मोजत होती. सांगलीत 1947 पासून एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं, जे पुढं वालचंदांच्या नावानं ओळखलं गेलं. कराडला 1960 चं सरकारी होतं. जागा मूठभर, मागणारे हजारो. 1983 मध्येच साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं आणि वाळव्याच्या उसाच्या फडातला पोरगा घरापासून सायकलच्या अंतरावर इंजिनिअर होऊ लागला. रयतनंही साताऱ्यात अण्णांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. तिथंही तू आहेसच. सोनसळचे पतंगराव कदम साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’तून शिकले, त्यांनी 1964 मध्ये भारती विद्यापीठ स्थापन केलं. आज त्या विद्यापीठाचं सांगलीत मेडिकल कॉलेज आहे आणि तिथं तू लाखांच्या घरात असतेस. यात कुणाची लबाडी शोधायला नको. सरकार पगार देत नसेल तर प्राध्यापकाचा पगार, प्रयोगशाळेचं यंत्र, इमारतीची डागडुजी हे सगळं विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर वाटलं जाणार. तुला ठरवतात ती पद्धतच ती आहे: कॉलेजनं खर्चाचे हिशेब दाखवायचे, प्राधिकरणानं तपासायचे, मंजूर जागांनी भागायचं. 1987 मध्ये महाराष्ट्रानं देणगीबंदीचा कायदा केला, 2005 मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नफेखोरी नको म्हणून बजावलं. तुझी उंची मोजायला माणसं बसवली, पण तू उभी कुठं राहावंस हे कुणी विचारलं नाही.

मी तेच विचारतो. तू जुलै-ऑगस्टलाच का येतेस? या दोन जिल्ह्यांचं पैशाचं वर्ष तुला ठाऊक नाही. कारखान्याची मोळी पडते दिवाळीच्या आगेमागे, उसाचं बिल त्यानंतर हप्त्याहप्त्यानं. तासगावचा बेदाणा हातात पैसा देतो उन्हाळ्याकडं. जुलैत घरात असतात फक्त खतांच्या पावत्या. पेरणी झालेली, आडसाली लागण चाललेली, आणि कॅप राऊंडची मुदत तीन-चार दिवसांची. मग पतसंस्थेत सोनं तारण पडतं. माण-खटाव, जत-आटपाडीकडं तर बिलाचीही खात्री नाही. खानापूर-आटपाडीकडचा एखादा बाप देशाच्या दुसऱ्या टोकाला सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या भट्टीपुढं बसलेला असतो आणि फोनवरून विचारतो, ‘शेवटची तारीख किती?’ शैक्षणिक कर्ज आहे म्हणशील. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हेही खरं. पण ज्या घरानं सोसायटीच्या थकबाकीची नोटीस पाहिली आहे, तिथं अठरा वर्षांच्या पोरीच्या नावावर कर्ज चढवताना हात कापतो.

आता पोरीचं निघालंच आहे तर 8 जुलै 2024 चा शासन निर्णय. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. चांगला निर्णय, मनापासून. पण त्याच घरातल्या भावाला अजून निम्मंच. आणि ती मुलगी पुण्याला गेली तर तिच्या पावतीवर तुझ्यापुढं शून्य असतं, कॉट बेसिसची खोली आणि मेसचा डबा मात्र तसेच. तुझ्या बहिणी त्या! त्यांची माफी कोण करणार? वसतिगृहाच्या निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत, पण सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज वर्षभर ‘प्रलंबित’ दिसतो आणि मेसवाला दर महिन्याला पैसे मागतो. एखादं कॉलेज तर सरकारचे पैसे येईपर्यंत आधी भरून ठेवा म्हणतं. माफ झालेली फी उसनी आणून भरायची!

आणखी एक जुना हिशेब राहिला आहे. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं कटगुणचं, म्हणजे आमच्या खटाव तालुक्यातलं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं, त्यातला सल अजून जिवंत आहे: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. सरसकट मोफत विद्यापीठाची मागणी करणाऱ्यांनी हे आधी पचवावं. दहावीनंतर ऊसतोडीला गेलेलं पोर साबणावर कर भरतं, आणि त्यातून माझ्या पोराचं कॉलेज फुकट चालणार असेल तर जोतीरावांना काय उत्तर द्यायचं? पण त्याच निवेदनात सरकारनं उच्च शिक्षणातून अंग काढून घेऊ नये, असंही ते म्हणाले होते. हा भाग तुझे वकील वगळतात.

तेव्हा माझं म्हणणं असं. तू मरावंस असं मी म्हणत नाही. तू दारातून उठावंस आणि मागच्या बाजूला जाऊन बसावंस. आज तुझी माफी बापाच्या दाखल्यावर ठरते. फॉर्म सोळा असलेला शिक्षक आठ लाखांच्या रेघेवर नेमका पकडला जातो. त्याच्या शेजारचा बागायतदार, ज्याच्या दारात दोन गाड्या आहेत, तहसीलदाराचा दाखला आणून आत सरकतो. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, मोजमाप तरी कशानं करणार? बापाची ऐपत मोजण्याचा खटाटोप सोडून मुलाचा पगार बघा. शिकून जो चांगलं कमावेल, त्याच्याकडून करातून वसूल करा. जो गावच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवतो आहे, त्याला हात लावू नका. ऑस्ट्रेलियानं 1989 पासून साधारण याच वाटेनं फी नेली. धोकाही सांगतो. इंग्लंडनं 1998 मध्ये वर्षाला हजार पौंडांनी सुरुवात केली, पुढं फी नंतर फेडायच्या कर्जात ढकलली आणि 2012 मध्ये मर्यादा नऊ हजारांवर नेली. नंतर द्यायचं म्हटलं की घेणाऱ्याची भीड चेपते. म्हणून ते प्रत्येकाच्या नावावरचं कर्ज नसावं, कर असावा. आणि तो काही नवा नाही. आयकरावर 2004 पासून शिक्षणाचा उपकर आहे, 2007 मध्ये त्यात उच्च शिक्षणाची भर पडली, 2018 पासून आरोग्यासह तो 4 टक्के झाला. आम्ही भरतोच आहोत. भरलेल्या त्या पैशातून कराडच्या नि सांगलीच्या कॉलेजात किती येतं, एवढं तुझ्या पावतीच्या मागं छापायला हरकत नसावी.

आणि वसुली सुरू होईल तेव्हा पहिला पैसा फीमाफीला नको. तो तालुक्याच्या गावातल्या वसतिगृहाला जाऊ दे, मेसच्या चुलीला जाऊ दे. जोतीरावांचा आक्षेप त्यानंच थोडा कमी होईल, कारण जो पोचलेलाच नाही त्याचं भाडं आधी निघेल. अण्णांनी क्रम तोच ठेवला होता.

हे व्हायला वेळ लागेल, ठाऊक आहे. तोवर एक काम तुझ्या हातातलं आहे, त्याला ना कायदा लागतो ना निधी. विनाअनुदानित कॉलेजांतल्या मुलांचा मोठा हप्ता जुलैतून काढून मार्चमध्ये टाक. कारखान्याचं बिल तोवर झालेलं असतं.

कळावे,

साताऱ्याचा एक जुना ईबीसीवाला