उंब्रजच्या गोठ्यातली ब्रिजिड

पुणे-बंगळूर हायवेवर उंब्रज कधी आलं नि कधी गेलं, हे एसी गाडीत बसलेल्याला कळतही नाही. माझ्या ताईचं सासर तिथलं. डब्लिनमधला दहा वर्षांचा संसार आवरून ती २०२४च्या जूनमध्ये दोन पोरांसह तिथं राहायला आली. सासरे आजारी, शेती बघायला कुणी नाही. मोठ्यांनी ठरवलं, पोरांना कुणी विचारलं नाही. विचारतं का कुणी कधी? पाच वर्षांच्या भाच्याला म्हैस आवडली, त्याचा प्रश्न मिटला. नऊ वर्षांची भाची मात्र गप्प गप्प. फोनवर एकच सवाल, "मावशी, आम्ही परत कधी जायचं?"

जानेवारीत तिनं वेगळंच काढलं. सेंट ब्रिजिड्स डे करायचाय, तू ये! फ्रीलान्सरला सुट्टी मागायला बॉस नसतो. शुक्रवारीच पोचले.

सेंट पॅट्रिक्स डे आपल्याला माहितीये; १७ मार्च, हिरवे टी-शर्ट, पबमधल्या ऑफर्स. ब्रिजिड ही आयर्लंडची दुसरी लाडकी संत, किल्डेअरची. याच नावाची जुनी देवीही होती. तिचा दिवस १ फेब्रुवारी, तिथल्या वसंताची सुरुवात. गाईगुरं, दूधदुभतं तिच्या राखणीतलं. २०२३पासून तिच्या नावाची सार्वजनिक सुट्टी मिळते. आणि (हे आपलं कौतुक हं!) पहिल्या सुट्टीच्या वेळी पंतप्रधान होते लिओ वराडकर, वडिलांकडून मालवण तालुक्यातल्या वराडचे.

आदल्या संध्याकाळी लव्हाळ्याचा क्रॉस विणून दारावर नाहीतर गोठ्यात टांगायचा. वर्षभर आगीपासून राखण. लव्हाळा! तुकोबांच्या अभंगामुळे नावानं ओळखीचा, पण मी तरी कधी हातात धरला नव्हता. तारळी कृष्णेला मिळते तिथं काठावर ढीगभर सापडला. "कापायचा नाही, उपटायचा," भाचीची ऑर्डर. एक काडी उभी, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर, मग सगळं पाव फेरा वळवायचं, पुन्हा एक. मधे चौकोन होतो, चार हात फुटतात, टोकं दोऱ्यानं बांधायची. ताईच्या सासूबाईंनी आयुष्यभर पेंढ्या बांधल्यात. त्यांचा दुसराच क्रॉस भाचीपेक्षा घट्ट निघाला.

दुसऱ्या दिवशी नेमकी माघी गणेश जयंती. देव्हाऱ्यात दूर्वा, चौकटीवर लव्हाळा. शेजारच्या काकू थबकल्याच. "दारात क्रूस कशापायी वो?"

ताईचा चेहरा उतरला. भाचीला शब्द कळला नसावा, सूर कळला.

"आमच्या पोरीनं केलाय," आज्जी म्हणाल्या. "गोठ्याला आग लागू न्हाई म्हून असतो. तुमास्नी पायजे का एक?"

काकूंचा कडबा मागच्या उन्हाळ्यात पेटला होता. जरा थांबून म्हणाल्या, "द्या की."

रात्रभर अंगणात ठेवलेलं फडकंही होतं. ब्रिजिड जाताजाता त्याला हात लावते म्हणे. डोकेदुखीवर बांधायचं, व्यायला झालेल्या जनावरावर घालायचं. आज्जींनी आधी स्वतःच्या अर्धशिशीला बांधलं, मग गाभण म्हशीच्या पाठीवर टाकलं. गुण आला की नाही, त्या दोघींनाच माहीत.

संध्याकाळी भाची काकूंचा क्रॉस विणायला बसली. जुना काढून दरवर्षी नवा लावायचा असतो, हे आज्जींना सांगून झालं. मग भावाला हिशेब, पुढच्या वर्षी किती काड्या उपटायच्या. आपलं दार, आपला गोठा, काकूंचा गोठा...