ओवणी

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे पेन्शनच्या कागदाची नवलाई ओसरून सकाळचा फेरफटका, वर्तमानपत्र आणि दुपारची वामकुक्षी एवढ्याने दिवस भरत नाही हे ध्यानात येऊ लागले होते त्या सुमारास, नातीने सुट्टीत विसरून ठेवलेली मण्यांची एक डबी माझ्या हाती लागली, आणि तेव्हापासून तिसऱ्या प्रहरी आमच्या ओट्यावर, एका काठ वाकलेल्या पितळी ताटाभोवती, जो उद्योग सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. ताटात मणी, ताटाबाहेर तारेची वेटोळी, निमुळत्या गोल नाकाची एक पक्कड, एक चपटी पक्कड, तार तोडायची कैची आणि डोळ्यांवर चश्म्यावर चश्मा. गल्लीतून जाणारे परिचित पहिले काही दिवस थबकत आणि 'साहेब, सराफी काढली काय?' असे विचारून हसत. महसूल खात्यात छत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाने बायकापोरींच्या छंदात लक्ष घालावे ही गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटे; आणि खरे सांगायचे तर, मलाही ती प्रथम थोडी लपवावीशीच वाटत असे.

वास्तविक, मण्यांचे काम आमच्या घरांत नवे कधीच नव्हते. लग्नघरच्या रुखवतात मण्यांचे तोरण, मण्यांचा हत्ती, ताम्हणावरची मण्यांची झाकणी हे जिन्नस मांडले नाहीत तर मुलीच्या आईला चुकल्यासारखे वाटे. परंतु ते काम लग्नाच्या निमित्ताने, अमुक तिथीच्या आत पुरे करावयाचे असे. त्याला मुदत होती. माझ्या ओवणीला मुदत नाही, मागणी नाही आणि तपासणीही नाही, आणि ज्याने आयुष्यभर मुदतीची प्रकरणे हाताळली त्याला या एका गोष्टीचे सुख किती, हे दुसऱ्या कारकुनालाच कळेल.

तार मिळते ती मोटार भरण्याच्या दुकानात. रब्बीच्या हंगामात विजेचा दाब कमीजास्त होऊन विहिरीवरच्या मोटारी जळतात, शेतकरी त्या जीपगाडीत घालून शहरात आणतात, आणि दुकानदार जळालेले वेटोळे उपसून नवे भरतो; त्या नव्या वेटोळ्याचे हात-दोन हात लांबीचे उरलेले तुकडे तो मला वजनावर देतो. वार्निश चढवलेली ही तांब्याची तार मधाच्या रंगाची दिसते. तिच्या जाडीचा हिशेब 'गेज'मध्ये होतो, आणि या हिशेबात आकडा जितका मोठा तितकी तार बारीक: वीस गेजची तार कण्यासारखी घ्यावयाची आणि सव्वीस गेजची तिच्याभोवती लपेटावयाची. हा उलटा क्रम नवशिक्यांना घोटाळ्यात पाडतो म्हणतात. मला पडला नाही, कारण चौथ्या वर्गाहून पहिला वर्ग मोठा असतो हे सरकारी नोकराला कोणी शिकवावे लागत नाही.

'जालना सोने का पालना' अशी आमच्या गावाची जुनी म्हण आहे. पण आजचा हा पाळणा सोन्याचा नसून लोखंडाचा आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमधून तांबडीलाल सळी सापासारखी सरपटत बाहेर पडते आणि त्या सळ्यांवर दूरदूरच्या गावांचे स्लॅब उभे राहतात. शेजारी घर बांधावयास काढले तेव्हा सळ्या बांधणारे कारागीर मी तासन् तास न्याहाळीत असे. दोन सळ्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे काळ्या मऊ तारेचा दुपेडी तुकडा तिरपा घालावयाचा, टोके एकत्र धरून आकड्याने दोन फेरे द्यावयाचे, आणि तिसऱ्या फेऱ्याच्या आत हात आवरावयाचा. कारण तिसरा फेरा तार तोडतो. मी तांब्याच्या तारेत अकिकाचा खडा बसवितो तेव्हा याहून निराळे काही करीत नाही. मात्र धातूचा स्वभाव निराळा. पोलाद तापवून एकदम पाण्यात बुडविले की ते कठीण होते. तांबे लाल करून पाण्यात टाकले की मऊ पडते. तांब्याला जो कठीणपणा येतो तो हाताळण्याने. तीच तार तीन-चार वेळा वाकवून सरळ केली की ती अंगात ताठा धरते, मग कुरकुरते, आणि पाचव्या वेळी काही न सांगता तुटते. माझे पहिले महिनाभराचे काम या पाचव्या वेळेच्या अज्ञानात वाया गेले.

तारेत रत्न गुंफण्याची ही कला परदेशी आहे असे समजून जे नाक मुरडतात त्यांनी त्या नाकातील नथीकडे एकवार निरखून पाहावे. नथ म्हणजे तारेचेच काम. सोन्याची बारीक तार मोत्याच्या वेजातून घ्यावयाची, शेजारच्या मोत्याला मिठी घालून मागे वळवावयाची, मध्ये लाल-हिरव्या खड्यांचा ठिपका ठेवावयाचा, आणि हा सगळा पसारा अशा बेताने तोलावयाचा की तो गालाकडे कलता राहील पण ओठांवर लोंबणार नाही. बसऱ्याच्या मोत्यांची जुनी नथ उलटी करून पाहिली तर पाठीमागे तारेची जी वीण दिसते ती पुढच्या मोत्यांहून सुंदर असते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण दागिन्याची पाठ पाहण्याचा प्रघात नाही. ती तार सोनार जंत्रीतून ओढीत. पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोके. मोठ्या भोकातून लहानात, लहानातून आणखी लहानात सोने ओढीत जावयाचे, आणि मध्येच ते ताठले की पुन्हा विस्तवाला दाखवून मऊ करावयाचे. सोन्यालाही तांब्याचाच रोग आहे, हे कळल्यावर मला आपल्या तांब्याविषयी अधिक आपुलकी वाटू लागली.

'वेज' हा शब्द मला फार आवडतो. मण्याच्या भोकाला भोक म्हणणे म्हणजे देवळाच्या गाभाऱ्याला खोली म्हणण्यासारखे आहे. खडा कितीही देखणा असला तरी वेज पडेपर्यंत तो खडाच. वेज पडले की तो मणी होतो. आमच्याकडे विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून गारगोट्या आणि अकीक निघतात, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक, आणि त्यात राहून गेलेल्या वायूच्या बुडबुड्यांत पाण्याने कणाकणाने भरलेली ही संपत्ती. मी एका अकिकाला वेज पाडण्याचा प्रयत्न आठवडाभर केला आणि शेवटी त्याला तारेच्या पिंजऱ्यात बसवून समाधान मानले. खंबायतचे कारागीर हे काम कमानीच्या सामत्याने, टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसवून, लीलया करतात. आणि राखी रंगाचा दगड मंद आचेवर तापवून त्यातल्या लोहाला तांबडे फुटविण्याची युक्तीही त्यांचीच. लाल अकीक म्हणून आपण जो मिरवितो तो पुष्कळदा असा भाजलेला असतो.

या भाजलेल्या, वेज पाडलेल्या मण्यांचा आमच्या जिल्ह्याशी फार जुना संबंध आहे. केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आढळतात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथला माणूस धर्मार्थ द्रव्य खर्चण्याइतका सुखवस्तू होता. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली, तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन थरांतून मणी निघाले, आणि निघाली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. इटलीत पॉम्पेई येथे 1938 साली सापडलेल्या आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या सुप्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीची ही जणू बहीणच. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोचलेली होती. तिच्या अंगावर वस्त्राचा पत्ता नाही, परंतु कमरेला मेखला, हातापायांत कडीतोडे आणि गळ्यात हार मात्र यथास्थित आहेत. त्याच शतकातल्या एका ग्रीक नावाड्याच्या टिपणात पैठणहून गाड्या भरभरून अकिकासारखे दगड भडोचच्या बंदराकडे जात असे नमूद आहे, आणि वाट वीस दिवसांची.

मण्यांकडे विद्येच्या दृष्टीने पाहणारे पंडित आपल्याकडे थोडे झाले. त्यांतले अग्रणी मोरेश्वर गंगाधर दीक्षित. केवळ पांढऱ्या नक्षीच्या अकीक मण्यांवर त्यांनी 1949 साली एक स्वतंत्र प्रबंधिका प्रसिद्ध केली. हे पंडित ज्या बारकाईने मणी मोजतात, मापतात आणि त्यांचा आकार नोंदतात, ती वाचताना माझ्यासारख्या कारकुनाला गहिवरून येते. पण एक गोष्ट खटकल्याखेरीज राहत नाही. मणी सापडतो, सूत्र सहसा सापडत नाही. कापूस कुजतो, रेशीम कुजते, आणि त्याबरोबर कोणता मणी कोणत्या मण्याशेजारी होता हेही मातीत मिसळून जाते. वेज पाडणाऱ्याची कला दोन हजार वर्षे टिकली. ओवणाऱ्याची, जिने 'दोन काळ्यांनंतर एक लाल' असे मनाशी ठरविले त्या बाईची, पहिल्या पावसाळ्यात गेली.

हे दुःख मला अपरिचित नव्हते. 1 मे 1981 रोजी औरंगाबादमधून निघून जालना जिल्हा निराळा झाला तेव्हा मी नोकरीत नुकताच लागलो होतो, आणि जुनी दप्तरे लावण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, निजामी अमदानीतले उर्दू मुन्तखब, गिरदावरांचे अहवाल, मोडीतली चिटोरी. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे. कित्येकांची सुतळी कुजलेली. रुमाल सोडावा तो कागद मोकळे पसरत, आणि मग जबाब आधीचा की पंचनामा आधीचा, हुकूम कोणत्या अर्जावरचा, हे शाईच्या रंगावरून आणि वाळवीच्या भोकांवरून ताडावे लागे. वाळवीचे भोक हे कारकुनाचे वेज: एकाच किड्याने चार कागदांना पाडलेली भोके एका रेषेत आली की ते चार कागद शेजारी होते हे सिद्ध. एकही कागद गहाळ झालेला नसताना प्रकरण मात्र गहाळ झालेले असते, हे मी तेव्हा पाहिले.

म्हणून पटवेकऱ्यांच्या धंद्याविषयी मला सोनारापेक्षा अधिक आदर वाटतो. पूर्वी सराफ्यात, दुकानाच्या पायरीशी, पटवेकरी बसलेला असे. रेशमाचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, मांडीवर मण्यांची पुरचुंडी, आणि बोटे इतकी जलद की गाठ पडलेली दिसे, पडताना दिसत नसे. बाया आपली पोत, आपले मंगळसूत्र त्याच्याकडून गाठून घेत आणि वर्ष-दोन वर्षांनी रेशीम झिजले की पुन्हा येत. सोनाराने केलेला दागिना तीन पिढ्या टिके. पटवेकऱ्याचे काम दोन दिवाळ्या. आपले काम नासणार, आणि नासले म्हणजेच आपले पोट भरणार, हे ठाऊक असूनही तो गाठी सैल बांधीत नसे.

आमच्या घरात अशी गाठलेली एकच वस्तू उरली आहे: सौभाग्यवतींची जोंधळी पोत. ज्वारीच्या दाण्याच्या आकाराचे सोन्याचे पोकळ मणी, मधूनमधून काळे मणी, एक पोवळे, सासूबाईंकडून आलेली. मी केलेले तांब्याचे अलंकार घरात कोणी घालीत नाही, ते नाती नेतात आणि हरवितात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ही पोत मी नव्या रेशमात ओवून देतो, असे मी अनेकदा सुचविले आणि 'तुमच्या हाती नाही द्यायची' असे उत्तर अनेकदा ऐकले.

गेल्या संक्रांतीच्या आसपास सौभाग्यवती ओट्यावर बसून मालदांडी निवडीत होत्या. सुपात पसरलेली, मोत्यासारखा पाणीदार रंग असलेली नवी ज्वारी. त्यांनी पाखडण्यासाठी सूप उचलले, आणि पोतीचे रेशीम, जे मी तीन वर्षे झिजताना पाहत होतो, ते त्याच क्षणी तुटले. काळे मणी टणटणत शहाबादी फरशीवर गेले. पोवळे पायरीखाली. सोन्याचे मणी मात्र कुठेच गेले नाहीत. ते सरळ सुपातल्या ज्वारीत पडले आणि ज्वारी झाले.

त्यानंतरचे दोन तास आम्ही उभयता ज्वारीतून ज्वारी निवडीत होतो. मी सवयीप्रमाणे कागदावर जंगम मालाची यादी केली: एकूण 48, हस्तगत 47. मग ताट आले, नवे रेशीम आले, मी प्रथमच ते मणी ओवायला हाती घेतले आणि आकाराच्या उतरत्या क्रमाने ते मांडू लागलो. 'अहो, तो तिथला नाही,' त्या म्हणाल्या. 'त्याला पोचा आहे, तो डाव्या वाटीशेजारी.' मी तो हलविला. 'आणि हा घासलेला उजवीकडे, पाचवा. मानेला लागतो तो.' एकूण एक मणी त्यांनी न पाहता, डोळे मिटून, गळ्याशी बोट फिरवीत सांगितला. मी लिहून घेतला आणि ओवला. अठ्ठेचाळिसाव्याच्या जागी मी तांब्याचा एक मणी घडवून देऊ केला. त्या नको म्हणाल्या. 'तिथे गाठ मारा. जागा राहू द्या त्याची.'

गाठ मारली आहे. तो मणी डब्यातल्या, आधीच निवडून झालेल्या ज्वारीत मिसळला असावा असा माझा कयास. पण ती ज्वारी त्याच संध्याकाळी गिरणीत गेली होती, आणि गिरणीवाल्याला विचारण्यात अर्थ नव्हता. भाकरीचा पहिला घास मी अजून जपून चावतो.