खाडीपलीकडची दुसरी वसई

भाइंदर स्टेशनाबाहेर उत्तनची बस धरली म्हणजे प्रथम मिठागरें लागतात, मग मुर्धे, राई, मोर्वे हीं गांवें, आणि शेवटीं समुद्र. गेल्या माघांत आम्ही घरचीं सात माणसें तिकडे गेलों होतों. बरोबर पुतण्या होता. समुद्रांतील वायुविहिरी व नळ चालू होण्यापूर्वीं त्यांची तयारी करणें हें त्याचें काम. चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस घरीं. दोन दिवसांनीं त्यास परत जावयाचें होतें, म्हणून मातोश्रींचा हट्ट कीं, “नातू जातो तो समुद्र मला एकदां दाखवा.”

उत्तनला वलांड्यांवर बोंबील वाळत होते. मातोश्रींनीं पदर नाकाशीं धरला, हें लपवून काय उपयोग? उत्तरेस खाडीच्या मुखापलीकडे वसई. चिमाजीअप्पांनीं १७३९ त घेतलेली ही वसई सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचेंच नांव धारण करणारें एक वायुक्षेत्र दूर समुद्रांत आहे. तें १९७६ सालीं सांपडलें, आणि तेथील वायु समुद्रतळावरील नळानें गुजराथेंत हजिऱ्यास जातो.

“वायु सांपडला, नळ घातले, मग चावी फिरवायला इतके महिने कां?” मातोश्रींनीं विचारलें.

“नळांत हवा असते, आजी,” तो म्हणाला. हा वायु एकटा जळत नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें पांच ते पंधरा झालें कीं एक ठिणगी पुरते. म्हणून नळांत प्रथम पाणी भरून, पुढें जेवढा दाब यावयाचा त्याहून अधिक दाब देतात व तासन् तास कांट्यावर नजर ठेवतात. मग तें पाणी थेंबन् थेंब काढावें लागतें. कारण दाबाखालीं वायु व थंड पाणी एकत्र आलीं तर बर्फासारखा गोळा बनून नळ तुंबतो. त्यानंतर नत्रवायु सोडून हवा हांकलावयाची, प्रत्येक सांधा तपासावयाचा, आणि मगच वायु, तोहि थोडा थोडा. आपोआप मिटणारी प्रत्येक झडप खरोखर मिटते हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून सही होत नाहीं.

वसईच्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्यास सडक्या अंड्याची घाण येते. पण तो फार झाला तर नाकच बधिर होतें. वास गेला म्हणून निर्धास्त होणारा तेथें फसतो!

कागदांचेंहि तसेंच. १९८८ सालीं उत्तर समुद्रांत पायपर अल्फावर एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठीं काढली होती. रात्रपाळीस तें न कळतां पंप सुरू झाला, आणि १६७ माणसें गेलीं. आपल्या मुंबई हायवर २७ जुलै २००५ रोजीं, म्हणजे त्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशीं, एक जहाज वायूच्या उभ्या नळावर आदळलें. २२ जण दगावले. हें पुतण्यानें मातोश्रींस सांगितलें नाहीं, परतीच्या बसमध्यें आम्हांस सांगितलें.

वाळूवरून उठतांना मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, “तुझ्या सहीशिवाय वायु येत नाहीं ना?”

“माझ्या विभागांत नाहीं.”

“मग कोणी घाई केली तरी तूं करूं नकोस.”

तो गेल्यावर पांचव्या दिवशीं त्याचा फोन आला. एक झडप मिटावयास ठरल्याहून अधिक वेळ घेत होती. ती उघडून पुन्हा बसवावयाची होती, काम आठवडाभर लांबलें होतें. मातोश्रींनीं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरांत जाऊन सर्वांस आनंदानें सांगितलें, “अजून आठवडा!”