गोड्या पाण्याचा काठ

मी वसईत राहते म्हटलं की अमरावतीच्या राजापेठेतल्या माणसांना आधी समुद्र दिसतो. दिवाळीत घरी गेले की ‘रोज जाता का जी समुद्रावर?’ हा प्रश्न ठरलेला. त्यातलं अप्रूप मला कळतं. आमच्याकडे पाणी पाहायला जायचं म्हणजे वडाळीचा तलाव, नाहीतर छत्री तलाव. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली भिंत रात्रीसुद्धा हाताला चटका द्यायची, म्हणून संध्याकाळी घरचे सगळे तलावाच्या बांधावर जाऊन बसायचे. पोहऱ्याच्या जंगलाकडून वाऱ्याची झुळूक आली की मोठी माणसं बोलायची थांबत. इंग्रजांच्या अमदानीत शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले हे तलाव. पुढे अमरावतीची तहान मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणावर गेली आणि तलाव फिरायला जायची जागा झाले. पाणी आधी पिण्याचं होतं, मग ते पाहण्याचं झालं. हा क्रम लहानपणीच मनात बसला आणि समुद्राकाठी राहायला आल्यावर तो पुन्हापुन्हा आठवत राहिला.

आईचं माहेर दर्यापूरकडचं. अमरावतीहून भातकुली मागे पडली की जमीन सपाट, काळी, नजर पोचेल तिथवर कपाशीची. ही पूर्णा नदीच्या गाळाची जमीन, आणि हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून तो पसरलेला आहे. गाळ शेकडो मीटर खोल, निचरा मंद, पाऊस बेताचा. क्षार धुऊन निघत नाहीत, साचत राहतात. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं आणि ते खारं लागतं. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा दाताखाली टिचतो. साबणाला फेस येत नाही. सलग काही वर्षं पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. आजोळच्या अंगणात दोन रांजण असत, एक वापरायच्या पाण्याचा आणि दुसरा झाकून ठेवलेला, पावसाच्या गोड्या पाण्याचा. त्या दुसऱ्या रांजणाला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही. आजी विहिरीकडे बोट दाखवून म्हणायची, ‘पाहाले लय हाये बाई, पेवाले घोटभर नाही.’

याच पट्ट्यात अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा. 1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या वऱ्हाडाने काय करायचं? वऱ्हाडातले सत्याग्रही दहीहांड्याला गेले, तिथल्या खाऱ्या विहिरींचं पाणी काढलं आणि त्यातून मीठ करून कायदा मोडला. ही गोष्ट मला कुणी सांगितली नसती तर कदाचित वसईही मला नीट दिसली नसती. समुद्र जमिनीच्या वर असतो तसा जमिनीच्या खालीही असू शकतो, हे वऱ्हाडच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही वसईला आलो आणि पश्चिमेला भुईगावच्या वाटेवर एका सोसायटीत घर घेतलं. पहिल्या पावसाळ्यात मी खुळ्यासारखी समुद्रावर जात असे. भुईगाव, रानगाव, कळंब, राजोडी, वर अर्नाळा; एकामागून एक किनारे, आणि काठाने सुरूची झाडं. सुरूच्या बनातून वारा जातो तेव्हा लांब कुठेतरी पाऊस सुरू झाल्यासारखं वाटतं. अर्नाळ्याला वाळूवर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, समोर पाण्यात बेटावरचा किल्ला. आता त्याच किनाऱ्यावर भरतीने मुळं उघडी पाडलेले सुरू आडवे झालेले दिसतात. दर पावसाळ्यात समुद्र थोडी थोडी वाळू नेतो. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, घोडे, भेळ, प्लॅस्टिकचे पेले. लोक यावेत, त्यांना इथे मोकळा श्वास मिळतो, याचा मला आनंदच आहे. पण वसई टिकून आहे ती या किनाऱ्यामुळे नव्हे, हे मला शेजारच्या वाडीतल्या मावशींच्या बावखलाने दाखवलं.

बावखल म्हणजे वाडीतलं खोदीव तळं. पूर्वजांनी हाताने खणलेलं, काठाला आंबा, नारळ, भेंडी, पाण्यावर खंड्याची निळी झेप. पूर्वी त्यावर रहाट चालत, त्या पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलं पिकत. वसईची केळी आणि फुलं मुंबईच्या बाजारात गेली ती या पाण्याच्या जिवावर. पावसाळ्यात बावखल तुडुंब भरतं आणि ते पाणी सावकाश वाळूत मुरतं. समुद्र इतक्या जवळ असून मावशींच्या विहिरीचं पाणी गोड! मी पहिल्यांदा ते प्यायले तेव्हा माझा विश्वास बसेना. दर्यापूरला समुद्र नाही आणि पाणी खारं. इथे समुद्राचा आवाज ऐकू येतो आणि पाणी गोड.

याचं कारण साधं आहे आणि फार सुंदर आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं. पावसाचं मुरलेलं पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगासारखा फुगीर थर होऊन. डच अभियंता घायबेन आणि जर्मन हर्ट्सबर्ग या दोघांनी एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होण्याच्या सुमारास वेगवेगळ्या ठिकाणी याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हिशेबाची दुसरी बाजू जीव गोळा करणारी आहे. उपसा करून वरची पातळी एका मीटरने खाली आणली की खालचं खारं पाणी कालांतराने 40 मीटर वर चढतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या गावात मोटर जोरात चालवणं हे समुद्राला आत बोलावणं आहे.

वसईकरांना हे कागदावर मांडायची गरज पडली नव्हती. 1980 च्या दशकात इमारती वाढू लागल्या, तसे इथल्या विहिरींवर टँकर लागले. गावचं पाणी उपसून बांधकामांना आणि नव्या वस्त्यांना जाऊ लागलं, आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. चर्चमधून, देवळांतून, वाडी-वाडीतून बायका-पुरुष रस्त्यावर आले. पुढे 2020 साली उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंना मिळालं, तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. मावशींना मात्र ते टँकर अडवणारे फादर म्हणूनच आठवतात. 2024 च्या जुलैत ते गेले, त्या दिवशी मावशींनी घरात टीव्ही लावला नाही.

त्या लढ्याने सगळं थांबलं नाही. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, गावांनी महापालिका नको म्हणून आंदोलनं केली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती, अमरावतीच्या जवळजवळ दुप्पट. आज नालासोपारा स्टेशनावर सकाळी उभं राहिलं की जनगणनेचा आकडा लागत नाही. या माणसांना परवडणारं घर मुंबईत नाही. मीही त्यांतलीच एक आहे. म्हणून ‘इमारती नकोत’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. घर हवंच. पण खाजणात आणि मिठागरांच्या आसपास भराव पडत जातो, तेव्हा पाण्याची वाट बुजते. 2018 च्या जुलैत पावसाने वसई बुडाली, लोकल बंद पडल्या, मिठागरातल्या वस्तीची माणसं पाण्यात अडकली. आमच्या इमारतीत तेव्हा तळमजल्यावरचे पंप पाण्याखाली, वीज नाही, आणि चोहीकडे पाणी असताना प्यायला बाटल्या. आजीचं वाक्य मी त्या अंधाऱ्या जिन्यात उभी राहून माझ्या मुलीला सांगितलं.

नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात: किनारा जवळ, उद्यान, चालण्यासाठी फरसबंद पट्टा. उद्यानातली हिरवळ बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यावर जगते. मला वाटतं, किनाऱ्यावरच्या उपनगराचं खरं उद्यान बावखल आहे. सावली तिथे आहे, पाखरं आहेत, आणि ते पाणी पीत नाही, जमिनीला पाजतं. तरीही बावखलं बुजवली गेली, कारण बुजवलेल्या बावखलावर इमारत उभी राहते. आता काही तरुण गावोगावची बावखलं नोंदवतात, गाळ काढतात, ती वाचावीत म्हणून धडपडतात. त्यांच्याबद्दल मला वाटणारी माया मी लपवत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत दुसरी बोअर मारायचा विषय आला. सूर्या धरणाचं पाणी पुरत नाही, टँकर महाग, हे सगळं खरंच. मी उभी राहिले आणि खारपाणपट्ट्याबद्दल बोलले. डाळीबद्दल, झाकलेल्या रांजणाबद्दल, चोपण झालेल्या शेतांबद्दल. मग मागणी ठेवली की बोअरच्या आधी गच्चीवरचं पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा नीट करून घ्या. तो नकाशात आहे, पण त्यात फुटक्या फरशा भरलेल्या आहेत. कुणी हसलं नाही. खजिनदार काकांनी विचारलं, ‘ताई, विहिरींचं पाणी खरंच बदलतंय, हे मोजायचं कसं?’

मोजायचं यंत्र खिशात मावतं, पाण्यात बुडवलं की क्षार किती ते दाखवतं. ते मागवलं आहे. काकांच्या वहीत पहिली नोंद मावशींच्या विहिरीची असेल, मग आमची बोअर, मग रस्त्यापलीकडच्या दोन वाड्या. एप्रिल आणि मे, हे दोन महिने महत्त्वाचे, तेव्हा उपसा सर्वांत जास्त असतो. खड्ड्यातल्या फरशा काढायला येत्या रविवारी सकाळी सात वाजता सगळ्यांनी खाली जमायचं ठरलं आहे, आणि मावशींनी त्यांच्याकडची फावडी देऊ केली आहेत.