पोह्यांतला स्नेह

संस्कृतात तेलतुपालाही 'स्नेह' म्हणतात आणि जिव्हाळ्यालाही. पनवेलच्या आमच्या घरात हा श्लेष वडिलांच्या हृदयविकारानंतर उलगडला. दूधतूप सुटले, न्याहारी निव्वळ वनस्पतिजन्य झाली. पण त्यामुळे ती आपोआप हलकी झाली नाही. कांदेपोह्यांत स्नेह तीन वाटांनी शिरतो: फोडणीचे तेल, शेंगदाणे आणि वर पेरलेला ओला नारळ. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम स्निग्धांश. शेंगदाण्यांचा तर जवळजवळ निम्मा भाग तेलच. नारळात तो सुमारे एक तृतीयांश, मात्र त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त.

आईने आरंभी तिन्ही वर्ज्य केले. ते कोरडे पोहे वडील पाण्याच्या घोटाबरोबर उतरवीत आणि दहा वाजता फरसाणाचा डबा शोधीत. (पथ्याच्या कागदावर या डब्याला रकाना नसतो.)

तेव्हा आम्ही वाटा बंद करण्याऐवजी मोजू लागलो. तिघांत तीन लहान चमचे तेल, माणशी दहाबारा शेंगदाणे, नारळाच्या जागी कोथिंबीर. जोडीला जवसाची चटणी, कारण ओमेगा-३ वर्गातला स्निग्धांश पोह्यांत जवळजवळ नसतोच. कोकणच्या उंबरठ्यावर राहून नारळाला कायमचे हद्दपार करणे मात्र आम्हांस साधले नाही. तो रविवारी घावनांबरोबर येतो, आणि वडील शनिवारीच खोवणी धुऊन ठेवतात.